बोटीतली जमीन

नर्सबाईंचा पाय बुधवारी सकाळी केबिनच्या जमिनीतून आरपार खाली गेला, आणि दुपारची जेवणं व्हायच्या आत साऱ्या धक्क्याला ठाऊक झालं की ती जमीन थोरल्या सुतारानं घातलेली.

तशी बोट दवाखान्याची. पण नर्सबाई आठवड्यातले चार दिवस तिच्यातच राहायच्या, म्हणून सगळे तिला नर्सबाईंची बोट म्हणत. एक डोलकाठी, दोन शिडं आणि मधोमध ठेंगणी केबिन. आत दोन बाकं, औषधांचं कपाट आणि एक स्टोव्ह. खाडीपलीकडच्या वाड्यांना रस्ता नव्हता. पोर तापलं, बाई अडली, कुणाला विळा लागला, की तिथली माणसं काठावर येऊन शिडाची वाट बघत उभी राहायची.

त्या सकाळी नर्सबाई कपाटातून बाटल्यांचा खोका काढायला वळल्या. फळी मोडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. दुधात बुडवलेल्या पावासारखी ती दबली आणि बाई मांडीपर्यंत खाली. घोट्याजवळचं हाड चिरलं. बोट हाकणाऱ्या घोगऱ्यानं त्यांना पाठुंगळी घेऊन धक्क्यावर आणलं. आयुष्यभर वाऱ्यावर ओरडून त्याचा आवाज पार फाटला होता, पण बातमी पसरवायला तेवढा पुरला.

"थोरल्याची जमीन!" तो दिसेल त्याला सांगत होता. "चार वर्षांत पार चिखल! आता बाई बसल्या पाय वर करून."

वारा फिरायला वीस दिवस उरले होते. एकदा फिरला की खाडी महिनाभर खवळायची. त्याच्या आत औषधं भरून पलीकडं जायचं आणि महिनाभर तिथंच मुक्काम ठोकायचा, असा नर्सबाईंचा दरवर्षीचा शिरस्ता. यंदा तर तिकडं तिघींचे दिवस भरत आलेले. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि संध्याकाळी धाकट्या सुताराला बोलावणं पाठवलं. थोरल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

थोरला आणि धाकटा सख्खे भाऊ. बापाची शेड एकच, पण मधोमध पत्रा. सहा वर्षांपूर्वी एक नवी बोट पाण्यात सोडताना चार माणसांत धाकटा बोलून गेला होता, "दादाच्या हातात आता दम राहिला नाही. सांधे सैल बसतात." दुसऱ्या दिवशी पत्रे आणून थोरल्यानं शेडच्या मध्ये ठोकले, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. पत्रा असा पातळ की एकाला शिंक आली तर दुसऱ्यानं दचकावं. तरी निरोप जायचे ते बायकांच्या तोंडून.

"त्याला सांग, गिरमिट परत दे म्हणावं," थोरला पत्र्याकडं तोंड करून आपल्या बायकोला सांगायचा.

"दादाला सांग, कालच त्याच्या खिळ्याला अडकवलंय. मान वर करून बघ म्हणावं," धाकटा इकडून आपल्या बायकोला सांगायचा.

बायका निरोप पोचवायच्या भानगडीत पडत नसत. कानांनी दोघेही धडधाकट होते. अंगणात नळावर भेटल्या की दोघी जावा तोंड दाबून हसायच्या, एवढंच.

गुरुवारच्या भरतीला बोट ओढून काठावर घेतली. दोन्ही बाजूंनी टेकू लावले, शिडी टेकवली. शुक्रवारी सकाळी धाकटा आणि त्याची बायको धाकटी वर चढली. बोटीच्या कामावर ती नेहमी त्याच्याबरोबर असायची. फळ्यांच्या फटीत कापूस ठासण्यात तिचा हात धरणारं धक्क्यावर कुणी नव्हतं.

केबिनचं दार उघडल्यावर दोघांनीही नाकाला हात लावला. कुजक्या लाकडाचा, भिजलेल्या गादीचा आणि सांडलेल्या औषधांचा मिळून एक वास. धाकटीनं गाद्या ओढून बाहेर टाकल्या. खालून चपट्या, करड्या भूछत्रांची रांग निघाली.

"बाई या वासात झोपत होत्या?" ती म्हणाली.

"सवय होते."

"सवय कसली? सांगायचं ना कुणाला तरी."

धाकटा गुडघ्यांवर बसला. पटाशी फळीवर टेकवली आणि नुसत्या तळव्यानं दाबली. ती मुठीपर्यंत आत गेली. अकरापैकी सात फळ्या गेल्या होत्या. खालच्या आडव्या लाकडांपैकी दोन हातानंच मोडत होती, चहाच्या चोथ्यासारखी. तो एकेक फळी सोडवून बाहेर देत होता आणि धाकटी शिडीवरून खाली नेऊन रचत होती. तीन फळ्यांनंतर त्याचा हात मंदावला.

फळी त्यानं उलटी करून उजेडात धरली. वरची बाजू काळी, भुसभुशीत. पण खालची बाजू, जी बोटीच्या तळाकडं असते, जिथून ओल यायची सगळे धास्ती घेतात, ती कोरडी होती. थोरल्यानं घातलेलं तेल अजून बोटाला गुळगुळीत लागत होतं. फळीची टोकंसुद्धा त्यानं राळ लावून बंद केलेली. स्क्रू सगळे पितळी, आणि सगळ्यांच्या खाचा एका रेषेत.

"काय बघताय?" धाकटीनं विचारलं.

"काही नाही. घे ही."

"चांगलं काम होतं हो."

"घे म्हटलं ना."

पाणी खालून आलं नव्हतं. वरून कुठून तरी गळत होतं आणि जमिनीवर येऊन साचत होतं. गळती सापडल्याशिवाय नव्या फळ्या घालणं म्हणजे दोन-चार वर्षांनी पुन्हा हाच चिखल. त्यानं आत शेगडी पेटवून ठेवली, दार उघडं टाकलं आणि बोट दीड दिवस वाळू दिली.

शनिवारी दुपारी त्यानं केबिनच्या छताखालची लाकडं आणि कडेच्या फळ्या खडूच्या पुडीनं पांढऱ्या केल्या. थेंब आला तर पुडीत त्याची वाट दिसते. मग बॅटरी घेऊन तो उघड्या आडव्या लाकडांवर उताणा झोपला. धाकटी बादल्या घेऊन वर.

"खालपासून सुरू कर," तो ओरडला. "आधी कडेनं ओत. मग खिडक्या. मग छप्पर. एका जागी एक बादली, आणि मधे थांबायचं."

"थांबते. तुम्ही झोपू नका म्हणजे झालं."

कडेनं पाणी ओतलं, काही नाही. डावी खिडकी, काही नाही. उजवीच्या कोपऱ्यात ओल जरा चमकली, पण तेवढी सगळ्याच बोटींत चमकते. वरच्या झडपेवर दोन बादल्या झाल्या. त्याची पाठ आडव्या लाकडावर रुतत होती. पूड नाकात जाऊन तो शिंकला.

"मिळालं?" वरून आवाज.

"नाही. पुढं सरक. छपरावरच्या त्या दांड्यापाशी ओत."

पाणी पडल्याचा आवाज आला. तो मनात आकडे मोजत राहिला. चाळीस झाले, पन्नास झाले. आणि त्याच्या डोक्यावर नाही, तर चांगलं तीन हात लांब, बाकाच्या उशाशी, पुडीत एक काळी रेघ उमटली. रेघ कडेच्या फळीमागं गेली. मग खाली, अगदी कोपऱ्यात, टप्. जिथं जमीन सगळ्यात जास्त कुजली होती, बरोबर तिथं.

तो उठला. बॅटरीनं रेघेचा माग उलटा काढत गेला. रेघ छताच्या तुळईला धरून वर चढत होती, आणि तिच्या तोंडाशी स्क्रूचं टोक बाहेर आलेलं. गंजलेलं. पितळी नाही, लोखंडी.

हा स्क्रू त्याचा होता.

दोन वर्षांपूर्वी नर्सबाई म्हणाल्या होत्या, ओल्या छपरावरून उतरताना हाताला धरायला काही नाही, एक दांडा बसवून द्या. त्यानं एका दुपारी, दोन कामांच्या मध्ये, तो बसवला होता. सहा स्क्रू. भोकं बुजवायच्या लांबीचा डबा शेडवर राहिला होता आणि पितळी स्क्रू पुरले नव्हते. सध्या हेच लावतो, उद्या येऊन काढतो आणि लांबी भरतो, असं तो तेव्हा स्वतःशी म्हणाला होता. तो उद्या राहूनच गेला.

"मिळालं का?" धाकटीनं परत विचारलं. मग ती ओल्या पायांनी आत उतरली. नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, मग बॅटरी जिथं रोखलेली होती तिकडं बघितलं. तो बसवताना दांडा दाबून धरायला तीच होती.

वरून उरलंसुरलं पाणी टपटपत होतं.

"कुणाला कळायचं नाही," शेवटी तो म्हणाला. "दांडा काढतो, भोकं बुजवतो. दोन तासांचं काम."

"हं."

"हं काय?"

"हं म्हणजे हं. मी कुठं कुणाला सांगायला चाललेय?" तिनं त्याच्या केसांतली खडूची पूड झटकली. "डोळ्यात जाईल. पुसा आधी."

रविवारी धक्क्यावरच्या मच्छीमारांपैकी दोघं थोरल्याच्या शेडवर आले. त्यांच्या नव्या बोटीची जमीन थोरला घालणार होता, लाकूडही उतरवून घेतलं होतं. पत्र्याच्या अलीकडं धाकटा आडव्या लाकडांना माप लावत होता. त्याला शब्दन् शब्द ऐकू आला.

"सध्या जरा थांबू म्हणतो."

"थांबा की," थोरला म्हणाला.

"तसं काही नाही हो. आमच्यातल्या दोघातिघांचं जरा..."

"थांबा म्हटलं ना. लाकूड न्यायला गाडी पाठवा."

ते गेले. मग पलीकडून काहीच आवाज आला नाही. सहा वर्षं रोज सकाळी त्या बाजूनं रंधा ऐकू यायचा. थोरल्याचा हात लांब, एका दमात फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. धाकट्याला कधी कबूल करावंसं वाटलं नसतं, पण त्याच तालावर तो स्वतःचं काम करायचा. सोमवारी तो आवाज आला नाही. मंगळवारीही नाही. धाकट्यानं एकाच सांध्यावर तीनदा खूण चुकवली आणि तिसऱ्यांदा करवत भिरकावून दिली.

नळावर धाकटीनं जावेला विचारलं, "भाऊजी करतायत काय?"

"हत्यारं पाजळतायत," थोरली म्हणाली. "काल सगळी पाजळून झाली. आज परत पहिल्यापासून."

धाकटीनं हे जेवताना नवऱ्याला सांगितलं. शेरा मारला नाही, सल्ला दिला नाही. त्यानं हातातला घास ताटात ठेवला. थोड्या वेळानं उठून हात धुतले आणि नर्सबाईंच्या खोलीकडं निघाला.

नर्सबाई पाय उशीवर ठेवून खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर वही होती. पलीकडच्या तिघींची नावं आणि तारखा त्या पुन्हा पुन्हा लिहीत होत्या.

"या. होतंय ना वेळेत?"

"होतंय. सिस्टर, एक सांगायचं होतं." तो उभाच राहिला. "जमीन दादामुळं नाही गेली. मी दांडा बसवला ना, त्याच्या भोकांतून पाणी गेलं. मी लांबी भरली नव्हती."

नर्सबाईंनी वही मिटली. त्यांचं तोंड लाल झालं.

"दोन वर्षं मी त्या गादीवर झोपले," त्या म्हणाल्या. "सकाळी उठले की छाती भरलेली असायची. मला वाटायचं, वय झालं."

"हो."

"हो काय? मला राग आलाय."

"यायलाच पाहिजे."

त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मग म्हणाल्या, "हा दांडा मीच मागितला होता. पण बरं झालं सांगितलंत. आता मला सांगून तुमचा जीव हलका झाला असेल, तर तसा होऊ देऊ नका. ते म्हातारे तुमच्या वाटच्या शिव्या खात बसलेत. त्यांच्याकडं जा."

"जातो."

"आणि ज्यांनी ज्यांनी शिव्या दिल्या त्यांच्याकडंही."

धक्क्यावर दुपारी जाळी विणत बारापंधरा माणसं बसायची. घोगऱ्या मधोमध. धाकटा त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला. हात त्यानं पाठीमागं घेतले.

"नर्सबाईंच्या बोटीची जमीन दादाच्या कामामुळं कुजली नाही," तो म्हणाला. "गळती माझी होती. दांड्याचे स्क्रू मी नुसते ठोकले होते. दादाच्या फळ्या खालून अजून कोऱ्या आहेत. कुणाला बघायच्या असतील तर काठावर रचून ठेवल्यात."

सुया थांबल्या. रविवारी थोरल्याकडं आलेला मच्छीमार मान वर न करता म्हणाला, "म्हणजे हातात दम कुणाच्या राहिला नाही म्हणायचा?"

दोघंतिघं हसले. सहा वर्षांपूर्वीचं ते वाक्य धक्क्यावर कुणी विसरलं नव्हतं.

"माझ्या," धाकटा म्हणाला.

मग कुणी हसलं नाही. घोगऱ्यानं डोकं खाजवलं. "अरे, मग मी आठवडाभर उगाच बोंबललो?"

"हो."

"आता सगळ्यांना परत सांगत फिरावं लागणार?"

"हो."

"घसा माझा बसलाय रे आधीच," घोगऱ्या म्हणाला, पण उठला. पहिल्यांदा गेला तो फळ्या बघायला.

धाकटा थोरल्याच्या शेडच्या दारात आला, तेव्हा थोरला दगडावर पटाशी घासत होता. वर बघितलं नाही. पण धक्का काही लांब नव्हता आणि थोरली दारातच उभी होती, तेव्हा जे झालं ते पोचलेलं होतं. सहा वर्षांत धाकट्यानं या बाजूला पाऊल टाकलं नव्हतं. बापाचा ठोकळा अजून त्याच जागी होता.

"दादा," तो म्हणाला.

पटाशी दगडावर फिरत राहिली. एकदा, दोनदा. थोरल्यानं धार अंगठ्यावर तपासली आणि बायकोकडं तोंड केलं.

"त्याला विचार, बोटीत उजेड बरा आहे का. मला हल्ली कमी दिसतं."

"बॅटरी आहे," धाकटा म्हणाला.

"बॅटरी आहे म्हणतायत," थोरलीनं गंभीर तोंडानं सांगितलं.

थोरल्याचे गुडघे गेलेले. शिडीच्या पायऱ्या त्यानं एकेक करून, दोन्ही पाय एका पायरीवर टेकवत चढल्या. खाली धाकटीनं शिडी धरली होती. वर धाकटा हात पुढं करून उभा राहिला. तो हात थोरल्यानं धरला नाही आणि झिडकारलाही नाही.

आत उतरून त्यानं सगळं बघितलं. पुडीतली रेघ, तुळई, कोपरा. गंजलेलं टोक बोटानं चाचपलं. मग बाकाखाली डोकं घातलं आणि तिथून म्हणाला, "बॅटरी इकडं धर."

धाकट्यानं धरली. दारात वाकून बघणाऱ्या दोघी जावांनी एकमेकींकडं पाहिलं. मधे निरोप्या कुणी नव्हता. थोरल्याच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

"सहा स्क्रू," तो बाकाखालून म्हणाला. "आणि एकालाही लांबी नाही."

"नाही."

"बाबांनी कानफटात दिली असती."

"दिली असती."

थोरला मागं सरकत बाहेर आला. भिंतीला टेकून बसला, धापा टाकत. "पण पाणी आलं तरी ते वाळायला हवं होतं. बाकाखाली हवा खेळायला मी भोकंच ठेवली नाहीत. आतून सगळं बंद करून टाकलं, दिसायला छान." त्यानं कोपऱ्यातला भुगा चिमटीत घेतला आणि सोडून दिला. "पाणी तू आत घेतलंस. कोंडून ठेवलं मी."

"दादा, त्या दिवशी मी चार माणसांत जे बोललो..."

"सैल होते."

"काय?"

"त्या बोटीचे सांधे. सैलच होते." थोरल्यानं उजवा हात उघडला. अंगठा पहिल्या पेरात वाकडा झाला होता आणि नीट मिटत नव्हता. "त्या आठवड्यात ओंडक्याखाली सापडला. कुणाला सांगितलं नव्हतं. हिलासुद्धा नाही. वाटलं, बरा होईल."

धाकट्यानं तो हात आपल्या हातात घेतला. अंगठा कोरड्या मुळासारखा लागला. दारातून थोरली म्हणाली, "सहा वर्षं मी विचारतेय, पेला असा का धरता," आणि तोंड फिरवून शिडीनं खाली उतरून गेली.

"सोड आता," थोरला म्हणाला. "मापं काय घेतलीस, दाखव."

तेरा दिवस हातात होते. दांडा काढला. भोकं मोठी करून त्यांत राळेत बुडवलेल्या लाकडी खुंट्या ठोकल्या, त्या वाळल्यावर मधोमध नवी भोकं पाडली, आणि राळ-तेलाचा लगदा भरून, पितळी स्क्रूंनी दांडा पुन्हा बसवला. स्क्रू आवळताना कडेनं चहूबाजूंनी लगदा बाहेर आला, तेव्हा थोरल्यानं मान हलवली. कुजलेली आडवी लाकडं चांगलं लाकूड लागेपर्यंत कापली आणि तिरका सांधा देऊन नवी जोडली. सांध्यांना खूण थोरला करायचा, करवत धाकट्याच्या हातात. बारीक काम करताना थोरल्याचा अंगठा दगा द्यायचा. तेव्हा धाकटा न सांगता पुढं होऊन पटाशी धरायचा आणि थोरला तिच्यावर मोगरी हाणायचा. पाचव्या दिवशी मोगरी धाकट्याच्या बोटावर बसली.

"फिटलं!" तो बोट तोंडात घालून म्हणाला, आणि दोघेही असे हसायला लागले की खाली कापूस वळत बसलेल्या धाकटीला वाटलं, भांडण पेटलं.

भांडलेही. नव्या फळ्यांत किती फट ठेवायची यावर एक आख्खी सकाळ गेली. थोरला म्हणे नाण्याच्या जाडीइतकी, धाकटा म्हणे ओल्या हवेत लाकूड फुगतं, त्याच्या दुप्पट हवी. शेवटी धाकटी मधे पडली. "माझ्या कानशीचं पातं घाला मधे. दोघांचंही नाही, माझं माप." तेच माप ठरलं. जमिनीत एक फळी सुटी ठेवली, बोट घालून उचलायला भोक पाडून, म्हणजे खाली ओल आहे का ते कधीही बघता यावं. बाकांच्या तोंडाला थोरल्यानं हवेची भोकं पाडली, एका ओळीत नऊ. मग तेलाचे तीन हात. तेल वाळेपर्यंत केबिनमध्ये कुणाला पाऊल टाकू देईना.

वारा फिरायच्या दोन दिवस आधी बोट पाण्यात सोडली. नर्सबाई काठी टेकत आल्या. प्लास्टर आदल्या दिवशी त्यांनी हट्टानं लवकर कापून घेतलं होतं आणि पाय अजून बारीक, पांढरट दिसत होता.

"चपला बाहेर," थोरला म्हणाला.

"अहो, माझी बोट आहे ती!"

"बोट तुमची. जमीन आमची."

बाईंनी चपला काढल्या. आत गेल्या, उभ्या राहिल्या, दुखऱ्या पायावर हळूहळू भार टाकला. त्यांनी डोळे मिटून एकदा खोल श्वास घेतला. तेलाचा आणि नव्या लाकडाचा वास होता. मग बाहेर येऊन घोगऱ्याला म्हणाल्या, "काढ शीड. उगाच उशीर करू नकोस."

वारा फिरला. महिनाभर खाडीत पांढऱ्या लाटांशिवाय काही दिसेना. पावसाची सर पत्र्यावर आली की थोरला हातातलं काम सोडून दाराशी येऊन उभा राहायचा. मच्छीमारांनी लाकूड परत आणून टाकलं होतं आणि त्याच्याबरोबर चार किलो मासळी, न बोलता. पण त्यांच्या जमिनीत त्याचं मन लागेना. "पाऊस लागला की हे उठून बसतात," थोरलीनं नळावर सांगितलं. "म्हणे, दांडा बघून आलो असतो एकदा." इकडं धाकट्याचंही तेच चाललं होतं. मधला पत्रा दोघांनी एका दुपारी काढला, कारण मच्छीमारांच्या लांब फळ्या फिरवायला जागा पुरेना. कारण तेवढंच सांगितलं.

महिना सरता सरता एका सकाळी शीड दिसलं. दोघे भाऊ काम तसंच टाकून धक्क्यावर गेले. नर्सबाई उतरल्या त्या वाळून गेलेल्या, डोळे खोल गेलेले, पण ताठ.

"तिघी सुखरूप," त्यांनी आल्या आल्या सांगितलं. "तिसरी अडली. म्हटलं इकडं डॉक्टरांकडं आणते, तर मधेच बाळ यायला लागलं. माघारी वळलो. भर दुपारी, बोट अशी आडवी होतेय, वरून पाऊस नुसता कोसळतोय. बाकावर तिला धरता येईना, म्हणून जमिनीवर घेतलं. तिथंच झालं. मुलगी."

"आणि पाणी?" थोरल्यानं विचारलं.

"तेच सांगतेय. वर समुद्र फुटल्यासारखा आवाज, आणि आत त्या पोरीच्या अंगावर एक थेंब नाही. मी छताकडं बघत होते हो. बाळंतीण ओरडतेय आणि मी छताकडं बघतेय!" बाई हसता हसता थांबल्या. दोघा भावांच्या खांद्यांवर त्यांनी एकेक हात ठेवला, क्षणभरच, आणि काठी टेकत दवाखान्याकडं निघाल्या.

थोरला बोटीत चढला. चपला बाहेर काढल्या. धाकटा त्याच्या मागून आत गेला. थोरल्यानं सुटी फळी उचलली, खाली कोपरापर्यंत हात घातला, आणि बाहेर काढून तळवा धाकट्यापुढं धरला. कोरडा. मग बाकाखालची भोकं बघतो म्हणून तो जमिनीवर आडवा झाला आणि बॅटरी घेऊन आत वाकला.

"दिसतंय काही?" थोड्या वेळानं धाकट्यानं विचारलं.

बॅटरी थोरल्याच्या हातातून सुटून फळ्यांवरून गडगडत धाकट्याच्या पायाशी येऊन थांबली. त्यानं ती उचलून विझवली. दादा कुशीवर वळला होता, वाकडा अंगठा गालाखाली, आणि संथ घोरत होता. बोट पाण्यावर हळूहळू डुलत होती.

धाकटा बाजूला भिंतीला टेकून बसला. किती वेळ बसला ते त्याला कळलं नाही. बाहेर धक्क्यावर पावलं वाजली.

"अहो, जेवायला येताय ना दोघं?" धाकटीनं हाक मारली. "जाऊबाई ताटं वाढून बसल्यात."

त्यानं दारातून डोकं बाहेर काढलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," तो म्हणाला. "दादाला झोप लागलीये."